‘आपले लोक असेच’ : एका वाक्याची उलटतपासणी

निवडणुकीचे निकाल रेडिओवर सांगून झाले की माझे वडील रेडिओ बंद करायचे आणि म्हणायचे, “आपले लोक लोकशाहीच्या लायकीचेच नाहीत.” मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. वडील भरपूर वाचणारे, हळू आवाजात बोलणारे. त्यांचं वाक्य चुकीचं असेल असं मनातसुद्धा आलं नाही. पुढे मी राज्यशास्त्र शिकले, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसांना संध्याकाळच्या वर्गात ते शिकवू लागले, आणि एके दिवशी फळ्यासमोर उभी असताना तेच वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. शेवटच्या बाकावर एक परिचारिका बसायची. रात्रपाळीला जाण्याआधी वर्गाला यायची. तिने हात वर केला आणि विचारलं, “लोक म्हणजे नेमके किती जण, बाई?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ‘राजकीय संस्कृती’ हा धडा मी व्याख्येने सुरू करणं सोडलं. अशाच एखाद्या वाक्याने सुरू करते आणि त्या वाक्याची तपासणी करता करता सगळ्या मूळ संकल्पना येतात. ती पद्धत इथे देते आहे. त्यासाठी वही, पेन्सिल आणि निवांत तासभर हवा. शिवाय गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही स्वतः बोललेलं, ‘लोक असे आहेत’ या धाटणीचं एक वाक्य हवं. ‘लोकांना फक्त खंबीर नेता हवा असतो’, ‘तरुणांना राजकारणाशी देणंघेणं नाही’, ‘त्या देशातले लोक मुळातच शिस्तीचे’, यांतलं कुठलंही चालेल. अट एकच, ते तुमचं असावं. दुसऱ्याचं वाक्य हातात घेतलं की आपण तपासायला बसत नाही, पाडायला बसतो.

आधी शब्द

वाक्य वहीच्या पानावर मधोमध लिहा आणि ज्या शब्दाचा अर्थ दोन माणसं वेगवेगळा लावू शकतील त्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढा. माझ्या वडिलांच्या वाक्यात ‘आपले’, ‘लोक’, ‘लोकशाही’, ‘लायकी’ असे चार शब्द निघाले. म्हणजे जवळजवळ सगळंच वाक्य.

‘लोक’ या शब्दावर थांबा, कारण परिचारिकेचा प्रश्न थेट या विषयाच्या गाभ्यालाच हात घालतो. ‘राजकीय संस्कृती’ ही संज्ञा अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ गॅब्रिएल आल्मंड यांनी 1956 मध्ये एका निबंधात वापरली आणि 1963 मध्ये सिडनी व्हर्बा यांच्याबरोबर पाच देशांच्या अभ्यासात ती पक्की केली. त्यांच्या लेखी राजकीय संस्कृती म्हणजे राजकारणातल्या गोष्टींकडे बघण्याच्या वेगवेगळ्या वृत्ती एखाद्या राष्ट्रातल्या माणसांमध्ये कशा विभागलेल्या आहेत, ते. ‘विभागलेल्या’ हा त्यातला कळीचा शब्द. संस्कृती हा सगळ्यांच्या अंगात सारखा भिनलेला गुण नव्हे. काहींची वृत्ती अशी, काहींची तशी, आणि त्यांचं प्रमाण किती, हा हिशेब आहे. म्हणून ‘आपले लोक असे आहेत’ म्हणणाऱ्याला ‘किती?’ विचारणं हा आडमुठेपणा नाही. तो पहिलाच प्रश्न आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. प्रमाण कळलं, तरी समोर बसलेली एक व्यक्ती कशी आहे ते त्यावरून कळत नाही.

माहिती, भावना, मत

आता पानावर तीन रकाने आखा. आल्मंड आणि व्हर्बा यांनी वृत्तीचे तीन पदर वेगळे केले. पाठ्यपुस्तकांत त्यांना ज्ञानात्मक, भावात्मक आणि मूल्यमापनात्मक अशी जड नावं आहेत. साध्या भाषेत सांगायचं तर, माणसाला राजकारणाबद्दल काय ठाऊक आहे, त्याबद्दल त्याला काय वाटतं, आणि त्याविषयी तो काय निवाडा देतो. तुमचं वाक्य यांतल्या कुठल्या रकान्यात बसतं ते ठरवा. बहुतेक वेळा एका रकान्यातला पुरावा देऊन दुसऱ्या रकान्यातला निष्कर्ष काढलेला सापडतो. ‘लोकांना मंत्र्यांची नावंही माहीत नसतात, म्हणून त्यांना लोकशाहीची पर्वा नाही’ हे त्याचं सरळ उदाहरण. पहिला भाग माहितीचा, दुसरा भावनेचा. मधला ‘म्हणून’ कुठून आला?

इथे माझी एक चूक सांगते. याच अभ्यासात राजकीय संस्कृतीचे तीन नमुने दिले आहेत. संकुचित नमुन्यात माणसाला शासनाची फारशी जाणीवच नसते आणि त्याचं जग आपल्या टोळीपुरतं किंवा वस्तीपुरतं असतं. प्रजाभावाच्या नमुन्यात त्याला शासन दिसतं, पण वरून खाली येणारं. हुकूम, कर, सोयी घेऊन येणारं. सहभागी नमुन्यात आपणही त्या शासनावर परिणाम घडवू शकतो असं त्याला वाटतं. मी बरीच वर्षं हे तीन नमुने फळ्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे काढायचे. खाली संकुचित, मध्ये प्रजा, वर सहभागी. एका विद्यार्थ्याने सांगितलं की त्याच्या आजीला मंत्र्याचं नाव सांगता येत नाही, त्यामुळे माझ्या जिन्यावर ती सगळ्यात खाली. पण कुठल्या कागदावर कोणाची सही लागते, ती किती दिवसांत मिळायला हवी आणि नाही मिळाली तर कोणापुढे जाऊन बसायचं, हे तिला तोंडपाठ होतं. गल्लीतली निम्मी माणसं कागद घेऊन तिच्याकडे यायची. मग तिला राजकीय ज्ञान नाही असं म्हणायचं का? मी सामान्यज्ञानाला राजकीय ज्ञान समजत होते.

जिना पुसला. नंतर मूळ मांडणी नीट वाचली, तर तिथेही जिना नव्हताच. टिकाऊ लोकशाहीला पोषक म्हणून त्यांनी जी ‘नागरी संस्कृती’ वर्णन केली ती तिन्हींची सरमिसळ आहे. लोक भाग घेतात, पण रोज उठून नाही. नियम पाळतात, पण वेळ आली तर जाब विचारतात. आणि घर, नाती, श्रद्धा यांचं स्वतःचं जगही राखून असतात. ही सरमिसळ आदर्श मानावी का, यावर पुढे बरेच वाद झाले. थोडी उदासीनता चांगली म्हणणं कोणाच्या सोयीचं आहे, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आक्षेप.

राग नक्की कशावर?

ही पायरी छोटी आहे, पण चुकवू नका. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड ईस्टन यांनी राजकीय पाठिंब्याचे दोन प्रकार सांगितले. एक विशिष्ट पाठिंबा, म्हणजे आज सत्तेवर असलेल्यांच्या कामगिरीवरून मिळणारा किंवा आटणारा. दुसरा व्यापक पाठिंबा, म्हणजे व्यवस्थेवरचा मुरलेला विश्वास, जो एखाद्या वाईट सरकारमुळे लगेच तुटत नाही. ही व्यवस्था आपल्यावर निर्णय बंधनकारक करण्याच्या योग्यतेची आहे असं लोक मानतात, त्याला अधिमान्यता म्हणतात, आणि तिचं मूळ या व्यापक पाठिंब्यात असतं. वहीत स्वतःला एकच प्रश्न लिहून विचारा : उद्या सत्तेवरची माणसं बदलली, तर माझा राग जाईल का? जाणार असेल तर तो राग सरकारवर आहे. मग ‘व्यवस्थाच सडली आहे’ असं बोलताना आपण काय बोलतो आहोत याचं भान ठेवायला हवं. सरकारवर चिडलेली माणसं लोकशाहीला कंटाळली आहेत असं ठरवणारे भाष्यकारही हीच गल्लत करतात.

कुणी, कुणाला, काय विचारलं?

आता पुरावा. इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या.

मी वर्गात पाच आकडे लिहिते : 85, 46, 30, 7, 3. आल्मंड आणि व्हर्बा यांच्या पाहणीत प्रत्येक देशात साधारण हजार माणसांच्या मुलाखती झाल्या. आपल्या देशातल्या कोणत्या गोष्टींचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो, असा एक प्रश्न होता. उत्तरात शासनाचा किंवा राजकीय संस्थांचा उल्लेख करणारे अमेरिकेत 85 टक्के, ब्रिटनमध्ये 46, मेक्सिकोत 30, पश्चिम जर्मनीत 7 आणि इटलीत 3. आकडे लिहून झाले की मी गप्प बसते. दोनच मिनिटांत वर्ग बोलू लागतो : इटालियन लोकांना लोकशाही नकोशी होती, जर्मन अजून हुकूमशाहीतून बाहेर आले नव्हते, वगैरे.

मग प्रश्न पुन्हा वाचायला लावते. ‘सर्वांत जास्त अभिमान कशाचा?’ हा खुला प्रश्न होता. ज्याने आपल्या देशाच्या कलेचं किंवा निसर्गाचं नाव घेतलं, त्याने शासनाला नाकारलं असं कुठे सिद्ध होतं? नाव न घेणं वेगळं आणि नाकारणं वेगळं. दुसरी गोष्ट, विचारलं कुणाला? मेक्सिकोतल्या मुलाखती दहा हजारांपेक्षा जास्त वस्तीच्या शहरांपुरत्या होत्या. लहान खेड्यांतला मेक्सिको त्या 30 टक्क्यांत नाहीच, आणि मग ‘मेक्सिकन लोक’ हा शब्द वापरताना हात आखडायला हवा. तिसरी गोष्ट, विचारलं कधी? 1959 च्या सुमारास, म्हणजे महायुद्ध संपून चौदा-पंधरा वर्षं झालेली असताना. जर्मन माणसाने त्या वेळी कोणत्या राजकीय गोष्टीचा अभिमान सांगायचा होता?

हे आकडे टाकाऊ आहेत असा याचा अर्थ घेऊ नका. माझे काही विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात ‘पाहण्या म्हणजे सगळी धूळफेक’ या टोकाला जातात. तो चिकित्सक विचार नव्हे, ती विचारातून घेतलेली सुट्टी आहे. 85 आणि 3 यांतलं अंतर एवढं मोठं आहे की काहीतरी खरं त्यात नक्की आहे. आपलं काम ते काय, हे नेमकं सांगण्याचं.

प्रश्नाच्या शब्दरचनेने काय होतं याचं मला आवडणारं उदाहरण 1941 मध्ये जनमताचे अभ्यासक डोनाल्ड रग यांनी प्रसिद्ध केलं. अमेरिकेत लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असं विचारल्यावर 62 टक्के लोकांनी देऊ नये असं सांगितलं. तशाच दुसऱ्या गटाला ‘अशा भाषणांवर बंदी घालावी का’ असं विचारलं, तर घालावी म्हणणारे निघाले 46 टक्के. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांत व्यवहारात काय फरक आहे? तरी ‘बंदी’ हा शब्द माणसाच्या तोंडून सहज निघत नाही. म्हणून कोणताही टक्का वहीत लिहिताना त्याच्याशेजारी मूळ प्रश्न शब्दशः लिहायचा. प्रश्न सापडत नसेल तर तो आकडा पेन्सिलीने लिहा, शाईने नको.

आणि काही वेळा विचारून खरं उत्तर मिळतच नाही. पूर्व जर्मनीत 7 मे 1989 रोजी झालेल्या स्थानिक निवडणुकांत उमेदवारांच्या एकमेव सरकारी यादीला 98.85 टक्के मतं पडल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबरला खुली झाली. 18 मार्च 1990 रोजी पहिली मुक्त निवडणूक झाली, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या वारसदार पक्षाला 16.4 टक्के मतं मिळाली. दहा महिने, तीच माणसं. मे महिन्यातला आकडा मतमोजणीतली फसवणूक आणि भीती यांनी बनला होता, पण बाहेरून बघणाऱ्या कित्येकांना त्यामागे आज्ञाधारक जनता दिसत होती. टिमूर कुरान या अभ्यासकाने अशा परिस्थितीसाठी वेगळी संज्ञाच वापरली : माणूस आपली खरी पसंती लपवतो आणि खोटी दाखवतो, आणि सगळेच तसं करत असल्यामुळे प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच वेगळे आहोत. तुमच्या वाक्यात ‘लोकांना चालतं’, ‘लोक गप्प आहेत’ असं काही असेल, तर पुढे लिहा : न चालल्याचं बोलून दाखवायला त्यांना काय मोजावं लागलं असतं?

बाण कुठून कुठे?

‘लोक असे आहेत, म्हणून सरकार असं आहे.’ हा बाण वहीत काढा आणि त्याच्याखाली उलटा बाण काढा. मग दोन्ही बाणांसाठी पुरावा शोधा.

राजकीय विचारवंत ब्रायन बॅरी यांनी 1970 मध्ये हीच शंका घेतली. नागरी संस्कृतीमुळे लोकशाही टिकते असं म्हणता, पण लोकशाही नीट चालताना अनुभवल्यामुळे लोकांत ती वृत्ती तयार झाली असेल तर? पश्चिम जर्मनीने या शंकेला बळ दिलं. 1949 च्या राज्यघटनेखाली निवडणुका होत राहिल्या, सरकारं शांतपणे बदलली, लोकांचं राहणीमान सुधारलं, आणि 1959 च्या त्या पाहणीनंतरच्या वीसेक वर्षांत राजकीय संस्थांबद्दलचा अभिमान, राजकारणावर बोलण्याची तयारी, दोन्ही वाढल्याचं नंतरच्या पाहण्यांत दिसलं. ज्या समाजाबद्दल ‘यांच्या रक्तातच हुकूम पाळणं आहे’ असं म्हटलं जायचं, त्याच समाजाची ही गोष्ट.

दुसऱ्या बाजूला इटली. तिथे 1970 मध्ये नवी प्रादेशिक सरकारं एकाच वेळी, जवळपास सारख्या अधिकारांसह आली. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची दोन दशकं त्यांचा कारभार मोजला आणि 1993 मध्ये निष्कर्ष मांडले. एमिलिया-रोमान्यासारख्या उत्तरेकडच्या प्रदेशांत कारभार चांगला, कालाब्रियासारख्या दक्षिणेकडच्या प्रदेशांत वाईट. कारण म्हणून त्यांनी बोट ठेवलं ते गायनमंडळं, क्रीडासंघ, सहकारी संस्था यांतून जमलेल्या परस्पर विश्वासावर, आणि त्याची मुळं थेट बाराव्या शतकापर्यंत नेली. संस्था सारख्याच आणि फळ वेगळं, म्हणजे संस्कृतीचा बाण खरा वाटू लागतो. पण दुसरे राज्यशास्त्रज्ञ सिडनी टॅरो यांनी विचारलं की दक्षिणेत शेकडो वर्षं राज्य करणाऱ्यांनी तिथल्या लोकांशी जो व्यवहार केला, त्यातूनच तर अविश्वास उगवला नाही ना? म्हणजे बाण पुन्हा उलटा.

माझा कल सांगते, कारण शिक्षकाने तो लपवू नये. मला दोन्ही बाण खरे वाटतात, पण सारख्या वेगाचे वाटत नाहीत. शासनाच्या वागण्याने लोकांची वृत्ती एका पिढीत बदललेली दिसते. वृत्तीमुळे शासन बदलायला बहुधा त्याहून जास्त काळ लागतो. आणि वाईट कारभाराचं खापर लोकांच्या स्वभावावर फोडणं सत्तेवरच्या माणसाला नेहमीच सोयीचं असतं. म्हणून संस्कृतीचं स्पष्टीकरण मी सगळ्यात शेवटी स्वीकारते, इतर कारणं तपासून संपल्यावर.

स्वतःकडे

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 मध्ये केलेला प्रयोग घरी करून बघा. समोरच्याला सांगा : 2, 4, 6 हे आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात, तू आणखी तीन-तीन आकडे सुचव, मी हो किंवा नाही सांगेन, आणि मग नियम ओळख. बहुतेक जण 8, 10, 12 किंवा 20, 22, 24 सुचवतात, ‘हो’ ऐकतात आणि ‘दोनने वाढणारे’ असं खात्रीने सांगतात. खरा नियम एवढाच असतो की आकडे चढत्या क्रमाने हवेत. 1, 2, 50 असं विचारून बघण्याचं त्यांना सुचत नाही, कारण ते आपला अंदाज खरा ठरवायला विचारत असतात.

वहीत हे असं उतरवा : ‘माझं वाक्य खोटं असेल तर मला जगात काय दिसायला हवं?’ त्याखाली किमान तीन ओळी. नंतर त्या गोष्टी खरोखर शोधा. मी वडिलांच्या वाक्याखाली लिहिलं होतं : माणसं स्वतःहून नियम बनवताना दिसायला हवीत, हरलेला गट निकाल मान्य करताना दिसायला हवा, सत्तेतल्याला प्रश्न विचारताना दिसायला हवीत. शोधायला गेले तर तिन्ही गोष्टी आमच्याच इमारतीच्या बैठकीत सापडल्या. जिन्यातल्या दिव्यावरून दोन तास भांडण, मग हात वर करून मतदान, आणि हरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी दिलेली वर्गणी. एका इमारतीवरून देशाबद्दल काही सिद्ध होत नाही. पण ‘लायकीचेच नाहीत’ मधला ‘च’ तिथेच गळाला.

शेवटचा रकाना : ‘हे मी कुठे शिकले?’ राजकारणाविषयीच्या वृत्ती घर, शाळा, मित्र, कामाची जागा, माध्यमं यांतून आपल्यात उतरतात. त्याला राजकीय सामाजीकरण म्हणतात. वाक्य कुणाकडून आलं यावरून ते खरं-खोटं ठरत नाही, पण ते सोडताना एवढा त्रास का होतो ते मात्र कळतं. माझ्या रकान्यात एकच शब्द होता : ‘बाबा’.

मग वाक्य पुन्हा लिहा. ते लांबेल, खाली बसेल, चहाच्या गप्पांत टाळी मिळवणार नाही. माझं असं झालं : ‘माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा निवडून आलेल्यांवर विश्वास नाही, पण जिथे आपल्या म्हणण्याने काही बदलतं असं त्यांना दिसतं, तिथे ते चर्चा करतात, मत देतात आणि विरोधात गेलेला निर्णयही पाळतात.’

हे मी वडिलांना वाचून दाखवलं. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला, पुन्हा एकदा वाचलं आणि पेन्सिल उचलून ‘बऱ्याच जणांचा’ या शब्दांखाली रेघ ओढली.